भोंग्याची वायर मीच काढली होती

“बटण फिरवायचं, त्यात कसलं आलं काम?” असं मला आयुष्यभर लोकांनी ऐकवलं. ऐकवणारे सगळे नंतरचे, घरोघरी खिशात मावणारे रेडिओ आल्यानंतरचे. मी सांगतो तो रेडिओ खिशात मावत नव्हता. तो पंचायतीच्या खोलीत सागाच्या पेटीत होता. पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची चावी माझ्या करदोट्याला बांधलेली होती. आंघोळ करतानाही ती निघत नव्हती.

साक्री तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायतीत मी शिपाई होतो. नाव लोटन. शिक्षण तिसरी. चौथीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही, आणि माघार घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. हे लिहितोय मीच, नात फक्त काना-मात्रा बघते. तिने एके ठिकाणी भोंग्याचा ‘ध्वनिक्षेपक’ केला होता. तो मी परत भोंगा करून घेतला.

आधी काम काय होतं ते सांगतो. रेडिओ पेटीत, भोंगा छपरावर, आणि दोघांना जोडणारी एक वायर. वायर लावली की सगळं गाव ऐकणार, काढली की आवाज पेटीपुरता, खोलीपुरता. एवढं ध्यानात ठेवा. मग एरियल, म्हणजे दोन निंबांच्या मधे ताणलेली तांब्याची तार. वाऱ्याने ती सैल पडली की दिल्ली लांब जायची. मग अर्थिंग. पेटीतून एक तार भिंतीबाहेर निघून जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला जायची. ती जागा ओली पाहिजे. कोरडी पडली की भोंगा शेंगा भाजल्यासारखा तडतडायचा.

आणि बॅटरी. मोटारीला असते तशी, तेजाबाची. वीज मळ्यातल्या पंपांपुरती आली होती. तिच्या भरवशावर बातम्या लावल्या तर मंत्री अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचे. म्हणून बॅटरी. आठवडी बाजाराला एस.टी.ने साक्रीला न्यायची आणि भरलेली परत आणायची. कंडक्टर दर वेळेला भांडायचा, “तेजाब सांडलं म्हणजे?” मी म्हणायचो, “सांडलं तर माझ्या मांडीवर सांडेल, तुमच्या गाडीवर नाही,” आणि खरंच मांडीवर घेऊन बसायचो. धोतराला भोकं पडायची. बायको म्हणायची, “तुमनं धोतर दखीसन लोके इचारतस, घरमा उंदीर पाळेल शेतस का?”

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होतो. लढाईतला रेडिओचा एक दिवस सांगतो, म्हणजे बाकीचे सांगायला नकोत.

पहाटे अंधार असताना मी पेटी उघडायचो. आधी नुसती खरखर, मग ती रोजची धून, मग ‘वंदे मातरम्’. धून ऐकून बायका गायींच्या धारा काढायला बसायच्या. भजनं संपेपर्यंत चुली पेटायच्या. मग दिल्लीहून बातम्या. दिल्लीचा बातम्या देणारा पुरुष बोलू लागला की विहिरीवरच्या सुना डोक्यावर पदर घ्यायच्या. त्याने ‘नमस्कार’ म्हटलं की पारावर बसलेले म्हातारे भिकाबाबा हात जोडून “राम राम, साहेब” म्हणायचे आणि मग बातम्या ऐकायचे. बातम्यांत आपली विमानं, आपल्या बोटी, कुठलं गाव घेतलं, कुठला पूल पडला. गावांची नावं आम्ही कधी ऐकलेली नव्हती, पण पारावर त्यांची चर्चा अशी चालायची की जणू तिथे सगळ्यांची सोयरीक होती.

दुपारी गाणी. ती सगळी एकाएकी शूरवीर झाली होती. लग्नाची, पावसाची गाणी कुठे गेली कोण जाणे. मधूनमधून सूचना यायच्या, अफवा पसरवू नका, दिवे झाका. आमच्या गावात दिवे म्हणजे कंदील. तरी हुकूम तो हुकूम. सगळ्यांनी काचांना कागद गुंडाळले. एकाने तर बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्यांना गोणपाट बांधलं, वरून चमकतील म्हणून. तो बैल लढाई संपेपर्यंत डोकं दुखल्यासारखा हिंडत होता.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. तो ऐकायला कमी आणि त्याच्याशी भांडायला जास्त लोक यायचे. मग परत बातम्या, की मी पेटी बंद करायचो. कोणी कितीही म्हटलं, “भाऊ, आखो एक गाणं,” तरी नाही म्हणजे नाही. बॅटरी बाजारापर्यंत पुरायला पाहिजे. लढाईच्या एवढ्या दिवसांत माझा भोंगा बातम्यांच्या वेळेला एकदाही मुका राहिला नाही. शेजारच्या गावाचा राहिला. माझा नाही.

आता बायजाअक्का. तिचं घर पंचायतीच्या मागे. विहिरीवरून पाणी भरून जाताना ती रोज पहाटे त्या सळईपाशी थांबायची आणि एक तांब्या पाणी घालायची. मीच तिला एकदा सांगितलं होतं की ही जागा ओली असली की आवाज स्वच्छ येतो. तेव्हापासून तिने कधी चुकवलं नाही. तुळशीला घालावं तसं घालायची, डोळे मिटून. कारण तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. रेडिओ दिल्लीचा, फौज दिल्लीची, म्हणून ते पाणी कुठेतरी त्याच्यापर्यंत पोचतं असा तिचा हिशोब असावा. मी कधी विचारलं नाही.

मुलाचं नाव सुपडू. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे नवं लेकरू जन्मलं की त्याला सुपात घालून बाहेर ठेवायचं, शेजारणीने उचलायचं आणि मूठभर बाजरी देऊन आईने ते तिच्याकडून परत घ्यायचं. म्हणजे हे लेकरू आपलं नाहीच, टाकलेलं आहे, ह्याच्याकडे कोणी बघू नका, असं जणू वरच्याला सांगायचं. नाव सुपडू ठेवायचं. अक्काची आधीची तीन लेकरं गेली होती. चौथा हा सुपडू. शाळेत मास्तरांनी त्याचं नाव भगवान घातलं आणि फौजेतही तेच लागलं. पण अक्काच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. तिचा नवरा उखाभाऊ, म्हणजे सुपडूचा बाप, त्यालाही ती घरात ते नाव काढू द्यायची नाही.

लढाई चालू असताना सुपडूचं पत्र आलं. रेडिओचे लोक त्यांच्या छावणीत आले होते. त्यांनी जवानांचे घरच्यांसाठी निरोप त्यांच्याच आवाजात भरून नेले. त्यात सुपडूचाही होता, आणि येत्या रविवारी संध्याकाळी तो लागणार होता. गुरुजींनी पत्र पारावर वाचलं. आमच्या गावचा माणूस रेडिओवर! सरपंच दौलतआबांनी जाग्यावर उठून फेटा सारखा केला, जणू त्यांनाच बोलायचं होतं.

“लोटन,” ते मला म्हणाले, “रविवारना दिन आवाज पल्याडना पाड्यापर्यंत गया पाहिजे.”

“जाई, आबा,” मी म्हणालो. छाती माझीही फुगली होती. आजवर मी दुनियेचं गावाला ऐकवत होतो. आता गावचं गावाला ऐकवणार होतो.

रविवारी पहाटे पेटी उघडली तर भोंगा तडतडला. बाहेर जाऊन बघितलं, सळईपाशी माती कोरडी ठाक. अक्का आली नव्हती. मीच पाणी घातलं, पण मनात आलं, काहीतरी बिनसलं.

सकाळच्या बातम्या झाल्यावर ती आली. कमरेवर रिकामा हंडा. दारात उभी राहून म्हणाली, “लोटन, आज सांजले भोंगा लावू नको.”

मला वाटलं ती चेष्टा करते. “अक्का, आज तर तुन्हा सुपडू बोलणार शे!”

“म्हनीसनच सांगस. तो त्यानं नाव सांगी. ते नाव भोंगामा येवाले नको.”

“अक्का, ते तर साऱ्या देशमा वाजी. दिल्लीपासून.”

“वाजू दे. देशले काय म्हाईत तो कोना पोऱ्या शे?” मग ती हळू आवाजात बोलली. “ज्या नजरनी मन्हा तीन लेकरं लई गयी, ती आठेच शे, ह्या गावमा. तिले मी आजपावत सांगं, हाऊ सुपडू शे, फेकेल शे. आज तो सोता सांगी, मी भगवान. आन तठे गोळ्या चाली ऱ्हायन्यात.”

मग जे सुचलं ते बोललो. रेडिओ सरकारचा आहे, आबांनी पाड्यांवर निरोप धाडले आहेत, माझ्या हाताने भोंगा कधी बंद झाला नाही आणि आज तर होणारच नाही.

“तुन्हा हातमा शे ना चावी,” ती म्हणाली.

“चावी शे. हुकूम नई.”

“मंग ऱ्हाऊ दे,” असं म्हणून ती गेली. तिने आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही.

दिवसभर आबांची गडबड चालली होती. पंचायतीपुढचं अंगण झाडून सडा घातला. भोंग्याला झेंडूची माळ घालायला मलाच छपरावर चढवलं. गूळ-शेंगदाणे वाटायला दोन पाट्या आणल्या. मी एरियल ताणून घेतली, बॅटरी बदलून भरलेली लावली. दुपारी गाणी चालू होती, पण मी ती ऐकत नव्हतो. हात काम करत होते आणि कानात अक्काचं बोलणं होतं. तरी ठरलेलं होतं की भोंगा लागणार. मी तसा हट्टी माणूस आहे.

संध्याकाळी अंगण भरलं. पाड्यावरून लोक आले, शेतातून थेट विळे घेऊन आले. बायका एका कडेला बसल्या. उखाभाऊंनी घरातून सुपडूचा फोटो आणला, फौजेच्या कपड्यातला. अक्का तो कपड्यांच्या ट्रंकेत पालथा ठेवायची. ती गोवऱ्या आणायला गेली तेवढ्यात त्यांनी तो काढला होता. बापाला मिरवायचं होतं, त्यात वाईट काही नव्हतं. आबांनी फोटो भोंग्याखाली तिवईवर उभा केला. आणि भोंग्याच्या माळेतून उरलेले झेंडू हातात होते, त्यांचा हार करून आनंदाच्या भरात त्यांनी तो फोटोला घातला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी छपराजवळ उभा होतो, मला पहिल्यांदा दिसलं. जिवंत माणसाच्या फोटोला हार. आमच्याकडे फोटोला हार कधी घालतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बोळातून अक्का आली. टाळ्या एकेक करून थांबल्या. लोकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग ती बघत होती तिकडे.

ती सरळ चालत तिवईपाशी आली. हार काढला, घडी करून पदरात बांधला, आणि फोटो पालथा ठेवला.

आबांचा चेहरा उतरला. “अक्का, मन्हा ध्यानमा नई उनं. खंडेरावनी आन, ध्यानमा नई उनं.”

“ऱ्हाऊ द्या, आबा,” ती म्हणाली आणि पंचायतीच्या भिंतीकडेला जाऊन उभी राहिली, सळईपाशी. तिच्या तोंडावर राग नव्हता. जिने आपलं घर जळताना बघितलं आहे तिच्यासारखी ती उभी होती.

वेळ झाली होती. मी खोलीत गेलो, पेटी उघडली, भोंगा लावला. बाहेर गाणं सुरू झालं, लोक सावरून बसले. मग मी मागचं दार उघडलं. “अक्का, आतमा ये.”

ती आत आली. त्या खोलीत बाई कधी आलेली नव्हती. तिने पेटीकडे बघून पदर पुढे ओढला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी मागचं दार लावलं, पुढचं लावलं, दोन्हींना कडी घातली.

गाणं संपलं. रेडिओतली बाई म्हणाली, आता ऐका आपल्या जवानांचे निरोप. मी भोंग्याची वायर ओढून काढली.

बाहेर क्षणभर सगळं गार झालं. मग कोणीतरी म्हणालं, “लोटन, आवाज गया!” मग दहा जण. मग दारावर थापा. मी हललो नाही. पेटीतून बारीक आवाज येत होता, पण खोलीत तो पुरे होता. एक जवान साताऱ्याकडचा बोलला. एक कोकणातला बोलला, तो बोलता बोलता रडला. आणि मग तिसरा.

“मी शिपाई भगवान, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आईवडिलांना आणि सर्व गावकऱ्यांना रामराम. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते. आमची कोणी काळजी करू नये.” कागदावर लिहून दिल्यासारखं तो बोलत होता. मग जरा थांबला. आम्हाला वाटलं संपलं. तेवढ्यात एकदम घाईघाईने, “माय, गाय व्यायनी का?”

अक्का गुडघ्यांवर उठून पेटीजवळ गेली आणि पेटीला म्हणाली, “व्यायनी रे, सुपडू. गोऱ्हा व्हयना.”

पुढचा जवान बोलू लागला. अक्का माझ्याकडे वळली. “आवाज बसेल शे त्याना. थंडी व्हई तठे.” एवढंच. उठताना म्हणाली, “लोटन, मी जित्ती शे तोवर कोनले सांगू नको. उखाले बी नई. सांगं की केलं ते वाया जाई.”

“नई सांगणार,” मी म्हणालो. ती मागच्या दाराने गेली. मी वायर परत जोडली. भोंग्यातून कोणी नागपूरकडचा जवान अर्ध्या वाक्यापासून बोलू लागला, आणि मी पुढचं दार उघडलं.

आबा दारातच होते. त्यांच्या मागे उखाभाऊ.

“वायर कोनी काढी?”

बॅटरी गेली, तार तुटली, काहीही सांगता आलं असतं. पण माझी बॅटरी गेली हे मी खोटं म्हणूनसुद्धा सांगणार नव्हतो. “मी काढी.”

“कसाकरता?”

“मन्ही मर्जी.”

आबा भला माणूस, पण सगळ्या गावापुढे, पाड्यांपुढे त्यांची शोभा झाली होती. “चावी दे,” ते म्हणाले. मी करदोट्याची गाठ सोडली. सुटेना, दातांनी सोडली. “लई ल्या.”

उखाभाऊंनी तिवईवरचा पालथा फोटो उचलला आणि घरी गेले. बापाला मुलाचा आवाज ऐकायचा होता, तो आत वाजत होता आणि बाप दारावर थापा मारत होता. बाकी कशाचं मला फारसं लागत नाही. ह्याचं लागतं. ते पुढे वारले, त्यांना मी सांगू शकलो नाही.

चावी आबांच्या पुतण्याकडे गेली. मी पंचायतीचा झाडू मारायचो, पाणी भरायचो, पेटीकडे बघायचो नाही. गावात मला नवीन नाव पडलं, ‘मर्जीवाला’. पोरं मागून ओरडायची. बायको म्हणाली, “तुमले काय व्हयनं व्हतं त्या दिन?” मी म्हणालो, “भाकर वाढ.”

लढाई संपल्याची बातमी आली ती अशी. सगळं गाव अंगणात, मी रस्त्यावर चार माणसांसारखा उभा. बातमी देणारा बोलू लागला आणि भोंगा तडतडायला लागला. शरण, सैन्य, आणि मधले सगळे शब्द शेंगांसारखे उडून गेले. पुतण्या आत बटणं फिरवत होता. लोक माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं काय करायचं, पण मी हललो नाही. चावी काढून घेतलेल्या माणसाने पुढे व्हायचं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. आजही आहे.

अक्का बायकांतून उठली. विहिरीवर गेली, तांब्या भरून आणला आणि सळईपाशी ओतला. त्या रविवारपासून तिने तिथे पाणी घातलं नव्हतं. तडतड कमी झाली, मग थांबली, आणि शब्द न् शब्द मोकळा यायला लागला. लढाई संपली. लोकांनी टोप्या उडवल्या. भिकाबाबांनी भोंग्याला हात जोडले. अक्का रिकामा तांब्या घेऊन माझ्यासमोरून गेली, आणि जाताना माझ्याकडे बघून तिने फक्त मान हलवली. माझ्या साऱ्या नोकरीतली सगळ्यात मोठी बातमी, आणि ती लावणारा हात माझा नव्हता. पण ती मान हललेली मला दिसली.

पुढच्या बाजारानंतर आबा स्वतः माझ्या घरी आले. बॅटरी साक्रीत पडून होती, एस.टी.च्या कंडक्टरने पुतण्याला गाडीत चढू दिलं नव्हतं.

“तो म्हणस, तेजाबवाला धोतरना माणूस पाठावा,” आबा म्हणाले आणि चावी माझ्यापुढे खाटेवर ठेवली. “आते तरी सांगशी का, का काढी व्हती?”

“नई.”

“तू मरशी तरी सुधरणार नई,” ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मग तो रेडिओ मीच चालवला, तो बंद पडेपर्यंत आणि घरोघरी खिशातले येईपर्यंत.

सुपडू रजेवर आला. धडधाकट. नाव दडवलं म्हणून वाचला का, असं विचाराल तर मला माहीत नाही. अक्काला ते विचारायला कोणी गेलं नाही. पण मी वायर काढल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “लोटनभाऊ, मी आपला गावकरता नाव सांगं व्हतं. सारा देशनी ऐकं, आन मन्हाच गावमा तू बंद करं?” अक्काला शब्द दिलेला होता. त्याचं बरोबर होतं, आणि अक्काचंही बरोबर होतं. दोघांचं एकाच वायरवर कसं लावायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं तो मला रस्त्यात राम राम करायचा, पण माझ्या ओट्यावर बसला नाही. निवृत्त होऊन गावात आला, शेती केली, नातवंडं झाली, तरी नाही.

बायजाअक्का पुष्कळ जगली. शेवटी डोळे गेले, पण सकाळी नातसुनेचा हात धरून ती पंचायतीच्या भिंतीपर्यंत यायची. रेडिओ केव्हाच नव्हता. सळई होती. ती तांब्या ओतायची. लोक म्हणायचे म्हातारीला भान नाही.

ती गेली. दिवस-कार्य झालं, पाहुणे परतले, तेव्हा मी सुपडूच्या घरी गेलो. तो खाटेवर बसला होता. मी सगळं सांगितलं, सूप, हार, कडी, वायर. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “तिनी ऐकं?”

“तिनी ऐकं.”

“मी काय बोलनू व्हतू, भाऊ? माले आते याद नई.”

मला याद होतं. दुसऱ्या कोणी ऐकलंच नव्हतं, म्हणून मी ते रोज मनात एकदा म्हणून ठेवायचो, गंजू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, “चाल.”

आता पंचायतीत माईक आहे. नळाला पाणी कधी येणार ते सांगतात त्याच्यावरून. भोंगे छपरावर चार, चारी दिशांना. शिपाई नवीन आहे, पण मला अडवत नाही. मी माईक सुरू केला आणि सुपडूला खुर्चीवर बसवलं. मी एकेक शब्द हळू सांगत गेलो, तो बोलत गेला.

“मी शिपाई भगवान, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आईवडिलांना आणि सर्व गावकऱ्यांना रामराम. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते. आमची कोणी काळजी करू नये.”

चारी भोंग्यांतून ते गावभर गेलं. खिडकीतून दिसत होतं, लोक दारात आले होते, हातात हंडे घेऊन. सुपडू थांबला.

“संपनं?” त्याने विचारलं.

“गायचं ऱ्हायनं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला एकदम आठवलं असावं. तो माईकवर वाकला आणि म्हातारा माणूस बोलतो तशा बसलेल्या आवाजात म्हणाला, “माय, गाय व्यायनी का?”

मी त्याच्या हातातून माईक घेतला.

“व्यायनी रे, सुपडू,” मी म्हणालो. “गोऱ्हा व्हयना.”

मग बटण बंद केलं. त्या दिवशी पाणी कधी येणार ते सांगायचं राहूनच गेलं, आणि गावातलं कोणीही विचारायला आलं नाही. सुपडू माझ्याबरोबर चालत निघाला, आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला.